हात बसतो तेव्हा मेंदूत काय घडते

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी अकरावीतली मुलगी अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या गावी आजीकडे राहिली आणि पहिल्यांदाच चुलीपुढे बसून ज्वारीची भाकरी करायला शिकली. पहिल्या दिवशी पीठ कोरडे राहिले आणि थापताना काठाला चिरा पडल्या. दुसऱ्या दिवशी पाणी जास्त झाले आणि भाकरी परातीलाच चिकटून बसली. तिसऱ्या दिवशी ती परातीतून नीट सुटली, पण तळहातावरून तव्यावर जाताना मधोमध तुटली. माझी आई शेजारी बसून पाहत होती, मध्येच नातीची बोटे धरून काठ कसा आवळत न्यायचा ते दाखवत होती आणि दर वेळी एवढेच म्हणत होती, "राहू दे माय, बसंल हात हळूहळू." पंधराएक दिवसांनी हात खरोखरच बसला. परातीत भाकरी आपसूक फिरू लागली, काठ पातळ होतोय हे बोटांना डोळ्यांच्या आधी कळू लागले आणि मुलगी आजीशी गप्पा मारत भाकऱ्या थापू लागली.

मराठीत आपण 'हात बसला' म्हणतो, 'जिभेला वळण लागले' म्हणतो. बदल दिसतो तो हातात किंवा जिभेत, म्हणून भाषेने श्रेयही त्यांनाच दिले. पण पंधरा दिवसांत माझ्या मुलीच्या बोटांच्या हाडांत किंवा स्नायूंत नाव घेण्यासारखा फरक पडलेला नव्हता. फरक पडला होता तो तिच्या मेंदूत, आणि तिथेही पेशींच्या संख्येत नव्हे, तर एका पेशीचा दुसऱ्या पेशीशी जिथे संबंध येतो त्या जोडांमध्ये. मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि 'त्याच्या डोक्यात काही शिरतच नाही' हे वाक्य पालकांकडून इतक्या वेळा ऐकलेले आहे, की डोक्यात शिरणे म्हणजे प्रत्यक्षात काय घडणे, हे नीट समजावून सांगणे मला आवश्यक वाटते.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीला झाडासारख्या फांद्या असतात, ज्यांना पाठ्यपुस्तकात वृक्षिका म्हणतात. या फांद्यांवर इतर पेशींकडून संदेश येतात, आणि अक्षतंतू नावाच्या एका लांब धाग्यावाटे पेशी आपला संदेश पुढे पाठवते. एका पेशीच्या धाग्याचे टोक दुसऱ्या पेशीच्या फांदीजवळ जिथे येते, तो जोड म्हणजे सिनॅप्स. हा शब्द इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये रूढ केला. जोड म्हटले तरी बहुतेक ठिकाणी दोन्ही पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये सुमारे २० नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढी फट असते. पहिल्या पेशीतून विजेचा स्पंद टोकापर्यंत आला की तिथे साठवलेले रसायन फटीत सोडले जाते, ते पलीकडे पोहोचते आणि पलीकडच्या पेशीच्या आवरणातली सूक्ष्म दारे उघडते. दारे उघडली की विद्युतभारित कण आत शिरतात आणि त्या पेशीची विद्युत स्थिती किंचित बदलते. एका जोडातून होणारा हा बदल अगदी थोडा असतो. पुष्कळ जोडांमधून एकाच वेळी असे घडले, तरच दुसरी पेशी स्वतः स्पंद निर्माण करते.

म्हणजे संदेश पुढे जाणार की नाही, गेला तर किती जोरात जाणार, हे जोडावर ठरते. स्पेनचे सँटियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदीच्या क्षारांनी रंगवलेले मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हाताने चित्रे काढली आणि चेतापेशी सुट्या सुट्या असतात हे दाखवून दिले. शिकणे म्हणजे या पेशींमधले संबंध वाढणे व बळकट होणे असावे, हा अंदाजही त्यांनीच मांडला. पुढे १९४९ मध्ये कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डॉनल्ड हेब यांनी त्याला नेमका नियम दिला. एक पेशी दुसरीला चेतवण्यात वारंवार आणि यशस्वीपणे भाग घेत असेल, तर त्या दोघींपैकी एकीत किंवा दोघींत असा काही बदल होतो की पुढच्या वेळी पहिली पेशी दुसरीला अधिक सहज चेतवू शकते. हेब यांच्याकडे याचा प्रत्यक्ष पुरावा नव्हता. तो ऑस्लोमध्ये मिळाला. तेरये लोमो यांना १९६६ मध्ये सशाच्या मेंदूवर काम करताना असे आढळले, की एका मार्गावर थोडा वेळ वेगाने विद्युत स्पंद दिले, तर त्यानंतर त्याच मार्गावरचा साधा एकेरी स्पंदसुद्धा पूर्वीपेक्षा मोठा प्रतिसाद निर्माण करतो. टिम ब्लिस यांच्याबरोबर त्यांनी हे काम नीट तपासून १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. हा वाढीव प्रतिसाद काही सेकंद नव्हे, तर कित्येक तास टिकत होता. वापर थांबल्यानंतरही वापराची खूण जोडात मागे राहते, हे त्यातून पहिल्यांदा स्पष्ट दिसले.

ही खूण राहते कशी, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, म्हणून तो सावकाश सांगते.

मेंदूतल्या चेतवणाऱ्या जोडांमध्ये फटीत सुटणारे मुख्य रसायन ग्लुटामेट हे आहे. पलीकडच्या पेशीवर त्याला ओळखणारी दोन प्रकारची दारे असतात. एका प्रकाराला ॲम्पा म्हणतात. ही साधी दारे आहेत. ग्लुटामेट आले की ती उघडतात, सोडियमचे कण आत येतात आणि काम होते. दुसऱ्या प्रकाराला एनएमडीए म्हणतात आणि हे दार विलक्षण आहे. ग्लुटामेट आल्यावर तेही उघडते, पण उघडूनही त्यातून काही आत जात नाही, कारण त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचा कण अडकलेला असतो. शेतात पाणी देताना पाइपाला पडलेल्या भोकात चिंधीचा बोळा कोंबतात, तसाच हा बोळा असतो. तो बाहेरून ओढून निघत नाही. तो निघतो आतून दाब आला तरच. पेशी शांत असते तेव्हा तिच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते, आणि मॅग्नेशियमचा कण धनभारित असल्यामुळे तो आत ओढला जाऊन दारात घट्ट बसून राहतो. मात्र त्याच वेळी इतर पुष्कळ जोडांवरची ॲम्पा दारे उघडली आणि पेशीची आतली बाजू पुरेशी धन झाली, तर तोच कण बाहेर ढकलला जातो. बोळा निघतो आणि दारातून कॅल्शियम आत येते.

या दाराला दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. अलीकडची पेशी बोलत असली पाहिजे, कारण त्याशिवाय ग्लुटामेट येत नाही. आणि पलीकडची पेशीही त्याच क्षणी चेतलेली असली पाहिजे, कारण त्याशिवाय बोळा निघत नाही. हेब यांनी कागदावर लिहिलेला नियम निसर्गाने एका रेणूच्या रचनेत असा उतरवलेला आहे. पुढे तर क्रमालाही महत्त्व असल्याचे आढळले. अलीकडची पेशी काही मिलिसेकंद आधी आणि पलीकडची नंतर चेतली, तर जोड बळकट होतो. क्रम उलटा झाला, तर तोच जोड दुबळा होतो. आधी कारण आणि मग परिणाम, हा जगातला क्रम जोडाला असा कळतो.

आत आलेले कॅल्शियम हा खरा निरोप्या असतो. ते थोड्या वेळात आणि मोठ्या प्रमाणात आले, तर पेशीतली काही विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, जागी होतात आणि त्या जोडावर आणखी ॲम्पा दारे आणून बसवली जातात. दारे वाढली की पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटने जास्त कण आत येतात, म्हणजे तोच संदेश आता अधिक मोठ्याने ऐकू येतो. कॅल्शियम हळूहळू, थोडे थोडे पाझरत राहिले, तर उलटी प्रक्रिया सुरू होते आणि बसवलेली दारे काढून आत घेतली जातात. एकाच दारातून येणारे एकच द्रव्य, पण किती वेगाने आणि किती आले यावर जोड वाढवायचा की घटवायचा हे ठरते. आमच्याकडे रात्रीच्या विजेवर दारे धरणाऱ्या, म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगावे लागणार नाही. पाणी तेच असते, पण जोरात आलेले पाणी सरीच्या टोकाला पोहोचते आणि थेंब थेंब आलेले मध्येच जिरून जाते.

दारे वाढणे हा झाला लगेचचा बदल. काही वेळाने जोडाचा आकारही बदलतो. वृक्षिकांवर मोड आलेल्या मटकीसारखे बारीक फुगवटे असतात आणि चेतवणारे बहुतेक जोड त्यांच्याच टोकावर असतात. जोड बळकट झाला की फुगवट्याचे डोके मोठे होते. काही फुगवटे नव्याने उगवतात, तर काही विरून जातात. जिवंत प्राण्याच्या मेंदूत हे पाहता येईल असे सूक्ष्मदर्शक आल्यावर अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांना फटीतून पंजा घालून धान्याचा दाणा उचलायला शिकवले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात शिकायला लागल्यापासून तासाभरातच मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागात नवे फुगवटे उगवलेले दिसले. सराव पुढे चालू राहिला, तेव्हा त्यांपैकी काही टिकले आणि काही जुने गळून गेले. त्याच उंदरांना वेगळे कसब शिकवले, तेव्हा वेगळे फुगवटे उगवले.

येथे एक शंका रास्त आहे. फुगवटे शिकण्यामुळे उगवतात हे खरे, पण शिकलेले त्यांच्यातच असते कशावरून? ते नुसते सोबत घडणारे काहीतरी असेल. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये याचे उत्तर दिले. फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायला शिकताना उंदरांच्या मेंदूत जे फुगवटे नुकतेच मोठे झाले होते, तेवढ्यांवरच जाऊन बसेल आणि निळ्या प्रकाशाने त्यांना आक्रसून टाकेल असे प्रथिन त्यांनी तयार केले. प्रकाश टाकताच ते फुगवटे लहान झाले आणि उंदरांचे नुकतेच मिळवलेले कसब गेले. वेगळे कसब शिकताना वाढलेले फुगवटे आक्रसवले, तर मात्र या कसबाला धक्का लागला नाही. नुकताच बसलेला हात त्या जोडांत होता, ही गोष्ट याहून थेट दाखवणे अवघड आहे.

आपल्याकडे मेंदूची तुलना मोबाइलमधल्या मेमरी कार्डाशी सर्रास केली जाते आणि माझे विद्यार्थीही 'मेमरी फुल झाली' असे म्हणतात. ही तुलना दिशाभूल करणारी आहे. कार्डात फोटो साठवला म्हणून फोनचे काम करणारे भाग बदलत नाहीत, कारण साठवण्याची जागा वेगळी आणि काम करण्याची जागा वेगळी असते. मेंदूत या दोन जागा वेगळ्या नाहीत. ज्या जोडांमधून भाकरी थापण्याचा संदेश जातो, तेच जोड त्या संदेशाने बदलतात, आणि तो बदल हीच त्या कामाची आठवण असते. भरून जाणारा कप्पा असा त्यात कोठेच नसतो.

मग एकच आठवण मेंदूभर पसरलेली असते का? नाही. निरनिराळ्या प्रकारचे शिकणे निरनिराळ्या भागांत घडते, आणि हे ज्या माणसामुळे जगाला कळले त्याचे ऋण विसरता येणार नाही. हेन्री मोलाइसन या अमेरिकन तरुणावर १९५३ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, अपस्माराच्या तीव्र झटक्यांसाठी शस्त्रक्रिया करण्यात आली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणींसाठी लागणाऱ्या मेंदूतल्या खोलवरच्या भागाचा, मोठा हिस्सा काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले, परंतु त्यानंतर नव्या प्रसंगांची आठवण त्यांच्या मनात राहीनाशी झाली. काही वेळापूर्वी भेटलेले माणूस त्यांना नव्याने भेटल्यासारखे वाटे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना एक कसब शिकवून पाहिले. दुहेरी रेषांनी आखलेली चांदणी समोर ठेवायची, आपला हात आणि कागद फक्त आरशात पाहायचे, आणि दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आरशात सगळे उलटे दिसत असल्यामुळे प्रथम कोणाचाही हात भलतीकडे जातो. मोलाइसन यांचाही गेला. पण तीन दिवसांच्या सरावात त्यांच्या चुका झपाट्याने कमी झाल्या आणि आदल्या दिवशी मिळवलेले कसब दुसऱ्या दिवशी कायम राहिले, जरी आपण हे पूर्वी कधी केले होते याची त्यांना आठवण नव्हती. हात बसला होता, पण बसल्याचे त्यांना माहीत नव्हते. २००८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, पन्नासहून अधिक वर्षे, ते अभ्यासकांना सहकार्य करत राहिले.

हाताच्या कसबात मोठ्या मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागाबरोबर लहान मेंदूचा, म्हणजे अनुमस्तिष्काचा वाटा फार मोठा असतो. आकाराने लहान असूनही मेंदूतल्या ८,६०० कोटी पेशींपैकी सुमारे ६,९०० कोटी पेशी एकट्या लहान मेंदूत असतात. तिथल्या पुर्किन्जे नावाच्या एकेका मोठ्या पेशीवर एक लाखाहून अधिक बारीक धागे येऊन संदेश देतात. हात कोठे आहे, किती वेगाने सरकतो आहे, पीठ किती मऊ लागते आहे, अशी माहिती या धाग्यांवाटे येत असते. त्याशिवाय प्रत्येक पुर्किन्जे पेशीला वेलीसारखा वेढा घालणारा एकच वेगळा धागा येतो, आणि तो मुख्यतः चूक झाली की बोलतो असे मानले जाते. भाकरी तुटली, हात अपेक्षेपेक्षा वेगळीकडे गेला, की हा धागा पेशीला जोराने चेतवतो. त्या क्षणी जे बारीक धागे बोलत होते, म्हणजेच चुकीच्या हालचालीत ज्यांचा हात होता, त्यांचे जोड दुबळे केले जातात. जपानचे मासाओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हे सशांमध्ये दाखवले. लहान मेंदूतले शिकणे एवढ्यावरच संपत नाही हे पुढच्या संशोधनातून कळले आहे, पण मूळ गोष्ट कायम आहे. येथे शिकणे बऱ्याच अंशी जोड दुबळे करून होते, आणि ते दुबळे करण्यासाठी चूक घडावी लागते.

माझ्या आईला हे कोणी सांगितलेले नाही, पण तिने नातीच्या हातून परात काढून घेतली नाही. तुटलेली भाकरी बाजूला ठेवली आणि पुढचा गोळा तिच्याच हातात दिला. आपल्या वर्गांत मात्र चूक झाली की लाल शाईने रेघ मारून आपण पुढे जातो आणि तोच प्रश्न त्याच मुलाला पुन्हा सोडवायला देत नाही. चूक झाली ही माहिती मेंदूला मिळते, पण त्या माहितीवर लगेच दुसरा प्रयत्न करण्याची संधी मिळत नाही. शिक्षक म्हणून मला ही आपल्या पद्धतीतली मोठी उणीव वाटते.

आता वेळेविषयी. ॲम्पा दारे बसवणे हे मिनिटांचे काम आहे, कारण दारे पेशीत तयार असतात. बदल कायमचा व्हायचा तर नवी प्रथिने बनवावी लागतात, त्यासाठी पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांना आदेश जावा लागतो, आणि या कामाला तास आणि दिवस लागतात. हे उलगडण्याचे मोठे श्रेय एरिक कँडेल यांना जाते. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि लहानपणीच अमेरिकेत आलेल्या या संशोधकाने अभ्यासासाठी निवडला तो ॲप्लिसिया नावाचा समुद्री गोगलगाईसारखा प्राणी, कारण त्याच्याकडे जेमतेम २०,००० चेतापेशी असतात आणि त्यांपैकी काही नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढ्या मोठ्या असतात. त्याला स्पर्श केला की तो आपले कल्ले आत ओढून घेतो. धोका नसलेला स्पर्श पुन्हा पुन्हा केला, तर तो सरावतो आणि कल्ले ओढणे कमी करतो. कँडेल आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवले, की एकाच दिवशी सलग ४० वेळा स्पर्श करण्यापेक्षा चार दिवस रोज १० वेळा केल्यास हे सरावणे अधिक पक्के होते आणि किमान तीन आठवडे टिकते. स्पर्शांची संख्या तीच, फरक फक्त मधल्या रात्रींचा. पुढे याच प्राण्यात दीर्घकाळ टिकणाऱ्या शिकण्यानंतर जोडांची संख्याच बदललेली आढळली. धोक्याला सावध होण्याच्या शिकण्यात ती जवळपास दुप्पट झाली होती. या कामासाठी कँडेल यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

लातूरला शिकवण्यांसाठी मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून मुले येऊन राहतात. त्यांतली कितीतरी माझ्याच शाळेतून गेलेली आहेत आणि सुट्टीत भेटली की दिवसाचे वेळापत्रक अभिमानाने सांगतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एकच प्रकरण एका बैठकीत दहा वेळा वाचून काढणे आणि तेच प्रकरण पाच निरनिराळ्या दिवशी, पुस्तक मिटून, आठवून लिहून पाहणे यांत मेंदूच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. वाचलेले डोळ्यांखालून पुन्हा गेले की ते ओळखीचे वाटते आणि आपल्याला येते असा भास होतो. आठवून काढताना मात्र तो मार्ग आतून चेतवावा लागतो. परीक्षेच्या दिवसांत स्मरणशक्ती वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिराती आपल्याकडे फार दिसतात. हे काम पेशीने स्वतः चेतून करायचे असते, ते बाटलीतून करून मिळत नाही, हे पालकांनी समजून घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

झोपेचे तसेच आहे. २०१४ मधल्या एका प्रयोगात फिरत्या दांड्यावर चालायला शिकलेल्या उंदरांपैकी काहींना नंतर झोपू दिले आणि काहींना जागे ठेवले. झोपलेल्यांच्या मेंदूत नवे फुगवटे स्पष्टपणे अधिक उगवले. जागवलेल्यांना पुढे जास्त सराव दिला, तरी ती तूट भरून निघाली नाही. गाढ झोपेत दिवसा चेतलेल्या पेशी पुन्हा त्याच साखळीने चेततात असे दिसते. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी सहाला वर्गात बसणारे मूल अभ्यासाचे तास वाढवते खरे, पण त्या अभ्यासाचे जोड पक्के होण्याची वेळ स्वतःच कापून टाकते.

वय झाले की हे सगळे थांबते, अशीही समजूत आहे. लहानपणी जोड बदलण्याची क्षमता खूप जास्त असते हे खरे, आणि दृष्टी किंवा भाषेतले ध्वनी यांसाठी सुरुवातीची वर्षे विशेष मोलाची असतात. परंतु बदल प्रौढ वयातही होतो. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा केवळ मेंदूच्या वरच्या थरातच नव्हे, तर खोलवरच्या दृष्टीशी संबंधित भागांच्या परस्पर संबंधांतही बदल झालेला आढळला. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण आत्ता जी लिपी वाचत आहोत, तीच लिपी तिशीच्या आसपासच्या माणसांच्या मेंदूत जागा करून घेताना दिसली, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

राहिला विसरण्याचा प्रश्न, आणि आमच्या भागात तो फार जवळचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या गावांतली अनेक कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, कित्येक मुलेही बरोबर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. काही वर्षांपूर्वी असाच परत आलेला चौथीतला एक मुलगा माझ्यापुढे सातचा पाढा म्हणत होता. 'सात सत्ते एकोणपन्नास'पर्यंत तो कसाबसा आला, 'सात आठे' म्हणून थांबला, वर छताकडे पाहिले, ओठ हलवले, आणि मान खाली घातली. मी माझ्या वहीत त्याच्या नावापुढे 'पाढे विसरला' असे लिहिले.

ती नोंद चुकीची होती. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते, की जे आपल्याला आता मुळीच आठवत नाही तेही पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. २००९ मध्ये म्यूनिकजवळच्या एका प्रयोगशाळेने त्यामागचे एक कारण प्रत्यक्ष दाखवले. प्रौढ उंदराचा एक डोळा काही दिवस झाकून ठेवला, तेव्हा मेंदूच्या दृष्टीच्या भागात नवे फुगवटे उगवले. डोळा उघडल्यावर पेशींचे वागणे पूर्ववत झाले, पण ते फुगवटे मोठ्या प्रमाणात तसेच राहिले. पुढे तोच डोळा पुन्हा झाकला, तेव्हा मेंदूने अधिक वेगाने जुळवून घेतले आणि फुगवट्यांची संख्या आणखी वाढवण्याची गरजही पडली नाही. वापर नसल्यामुळे जोडाचा आवाज बारीक झाला होता, पण जोड जागेवरच होता. माणसाच्या मेंदूत सातच्या पाढ्याचे फुगवटे असे मोजून दाखवता येत नाहीत, मात्र पुन्हा शिकताना वाचणारा वेळ कोणत्याही वर्गात मोजता येतो.

त्यानंतर मी अशा मुलांची पहिल्या आठवड्यात चाचणी घेणे बंद केले. रोज सकाळी दहा मिनिटे पाढे म्हणवून घ्यायचे, अडला तिथे सांगायचे, लगेच पुन्हा म्हणायला लावायचे, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता विचारायचे, एवढेच सुरू केले. त्या मुलाला आदल्या वर्षी सातचा पाढा पाठ व्हायला महिनाभर लागला होता. या वेळी चौथ्या दिवशी तो फळ्याजवळ उभा राहिला आणि 'सात आठे छप्पन, सात नव्वे त्रेसष्ट, सात दाहे सत्तर' असे एका दमात म्हणून जागेवर जाऊन बसला.